अंगठ्याच्या वरची जागा

लच्छू ताराम मला किती ठाऊक होता, असं कोणी विचारलं तर मला नीट उत्तर देता येणार नाही. बत्तीस वर्षांची ओळख, पण त्याच्या घरात मी एकदाही पाय ठेवला नाही. त्याच्या बायकोचं नाव रुखमा, हे मला त्याच्या रेशन कार्डावरून कळलं. त्याची मुलं किती आणि जगली किती, हे मी कधी विचारलं नाही. घरी गेल्यावर तो माझ्याबद्दल काय बोलत असेल, हा विचार मात्र हल्ली डोक्यातून जात नाही. लेख लिहिणं मला जमत नाही. जन्मभर मी फक्त अर्ज आणि पास लिहिले. तरी लिहितो, कारण त्याच्या बाबतीत मी एक गोष्ट केली आहे आणि ती माझ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

कुरखेड्याच्या बाजूला एका लाकूड डेपोत मी कारकून होतो आणि लच्छू तिथं मजूर होता. बुटका, रुंद खांद्यांचा. सागाच्या थप्प्या लावण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. लाकडाच्या प्रत्येक गाडीबरोबर माझ्या हातचा पास जाई. साहेबाची सही होण्याआधी मजकूर आणि सही यांच्यामधली मोकळी जागा बंद करायची, हा तिथला पहिला धडा. आडवी रेघ मारा, नाहीतर काहीतरी लिहून संपवा. जागा मोकळी राहिली की मागाहून तिथं कोणीतरी चार लाकडं वाढवतो.

मी निवृत्त झालो तरी लच्छू कागदांसाठी माझ्याकडे येत राहिला. जातीचा दाखला, वनहक्काचा दावा, नातवाच्या आश्रमशाळेचा अर्ज. यायचा आणि ओसरीच्या पायरीवर बसायचा. मी खुर्चीवर. एवढ्या वर्षांत मी त्याला वर ये म्हटलं नाही आणि तोही आला नाही.

कागदावर त्याचा जराही विश्वास नव्हता. लिहून झालं की म्हणायचा, "दोनदा वाचा, बाबू. दुसऱ्या डाव बोट ठिवून वाचा." मी ओळीखाली बोट सरकवत वाचायचो आणि तो बोटाकडे बघत बसायचा. प्रौढांच्या वर्गात तो सही शिकला होता, तरी अंगठाच लावायचा. मी एकदा कारण विचारलं. म्हणाला, "सही कोणी बी करते. बोट कुठून आणन?"

आमचं गाव अर्धं गोंडांचं, अर्धं आम्हा कुणब्यांचं. कायद्यानं सरपंच आदिवासीच होतो. पण आजवर नाव त्यांचं आणि कारभार आमच्यातल्या दोन-तीन घरांचा, असंच चालत आलं. सरपंच सांगितलेल्या जागी सही करायचा. ते ठराव पुष्कळदा मीच लिहून दिलेले आहेत. मागच्या हिवाळ्यात रंजीता कुमोटी निवडून आली आणि हे बंद झालं. गडचिरोलीला शिकलेली मुलगी. पहिल्याच बैठकीत उपसरपंच प्रणितनं कागद पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, "ठिवून जा. वाचल्यावर सही करीन." प्रणित आमच्यातला. तो आठ दिवस गावभर हेच सांगत फिरला.

रंजीतासाठी लच्छू टोल्याटोल्यात, गोंडांच्या वस्त्यावस्त्यांत, मतं मागत फिरला होता. म्हणून होळीनंतर एका सकाळी तो पायरीवर बसून "रंजीताच्या नावानं एक कागद लिवा" म्हणाला, तेव्हा मला आधी खरंच वाटेना.

"तुमच्याच सरपंचाच्या नावानं?"

"सरपंच गावाची रायते नं, बाबू?"

भानगड अशी होती. शाळेमागे रंजीता गोटूल बांधणार होती, म्हणजे गोंड समाजाच्या बैठकीचं पक्कं घर. पैसाही मंजूर झाला होता. त्या जागेवर मोहाची तीन झाडं आहेत. त्याखाली लच्छूचं घराणं आज्यापणज्यापासून फुलं वेचतं, आणि ती त्यांचीच हे सगळा टोला मानतो. त्या झाडांवर तोडीसाठी चुन्याच्या खुणा झाल्या होत्या. ग्रामसभेत विषय आलाच नव्हता.

"गोटूल नोको म्हणता का मंग?"

"नोको कायले? बांधा नं! माया नातवाचं लगन तिथीच करीन मी. पर खूण माराच्या पयले मले इचारलं पायजे का नाई? पयले तुमचे लोक इचारत नव्हते. आता हे बी इचारत नाई. मंग मी मतं कायले मांगली, पाय दुखवाले?"

"झाडं वाचवाची हायेत?"

"गेली त गेली. इचारून गेली पायजे."

एवढंच त्याचं म्हणणं होतं. पण खरं लिहायचं तर मला ते ऐकायला गोड लागलं. गोंडच गोंड सरपंचाविरुद्ध बोलतो आहे, हे गोड लागलं. उद्या लिहून ठेवतो, असं मी त्याला म्हणालो.

त्याच दिवशी उन्हं उतरल्यावर प्रणित दारात. लच्छूचा विषय त्याला कोणी सांगितला, मला आजही माहीत नाही. माझी बायको मनकर्णा म्हणते, तिनं नाही. मला तिचाही संशय आला, आणि लच्छूनं मुद्दाम पसरवलं असेल असाही आला.

"बापूभाऊ, कागद चांगला पक्का करा," प्रणित म्हणाला. "आपण काही बोललो का ते जातीवर नेतात. बाईवर, आदिवासीवर जळता म्हणतात. आता त्याइच्याच माणसाचा अंगठा लागून रायला. असा मोका कुठी भेटते?"

"त्याचं म्हणणं जेवढं हाये तेवढंच लिहीन मी."

"लिवा नं. मी काही म्हणलो का?" असं म्हणून तो हसला आणि चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. विषय ग्रामसभेत आलेला नाही, झाडांच्या मालकाला विचारलेलं नाही, ठराव सभेपुढे ठेवावा. मी दोनदा वाचून दाखवला, दुसऱ्यांदा बोट ठेवून. लच्छूनं अंगठा लावला, बोट धोतराला पुसलं आणि मोहफुलं वाळत घातली आहेत म्हणून घाईनं निघून गेला. कागद सभेच्या दिवशी ग्रामसेवकाला मीच द्यायचा, असं ठरलं होतं.

तो गेल्यावर माझं लक्ष गेलं. अंगठा जरा खाली लागला होता. मजकूर आणि अंगठा यांच्यामध्ये दोन ओळींची जागा मोकळी होती. आडवी रेघ मारली असती तर भागलं असतं. मी पेन उचललं आणि लिहिलं, "सदर समाजास कारभाराचा अनुभव नसल्याने असे निर्णय घेतले जातात, असे नम्रपणे वाटते."

हे प्रणितचं बोलणं माझ्या हातातून उतरलं, की माझ्याच मनात होतं? पुष्कळ विचार केला. प्रणित हे वाक्य बोललाच नव्हता. लिहिताना मला एवढंच वाटलं की आता कागद वजनदार झाला. लच्छूला परत बोलावून वाचून दाखवावं, हे मनात आलं होतं. बोलवायला गेलो नाही. ऊन फार होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

एक मेची ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ते, मध्ये टेबलाशी रंजीता आणि ग्रामसेवक. ग्रामसेवक परगावचा माणूस, अर्ज मोठ्यानं वाचत सुटला. शेवटची ओळ आली तशी आमच्या बाजूनं प्रणित ओरडला, "बराबर! एकदम बराबर!" दोन-चार पोरांनी टाळ्या पिटल्या. मी जमिनीकडे बघत होतो.

समोरच्या बाजूचा वडीलधारा पत्रू उठला. "लच्छू, पयल्यांदा आपला माणूस आपल्या अकलेनं खुर्चीवर बसला. तिले सहा महिने नाई झाले. अन् तू त्याइच्या ओसरीवर जाऊन हे लिवून आणलं? हे शेवटचं तुयं हाये?"

लच्छू उभा राहिला. माझं नाव घेतलं असतं तर तो तिथंच सुटला असता. मी उठून "ती ओळ माझी" म्हणायला तीन शब्द पुरे होते.

"कागद माया. अंगठा बी माया," लच्छू म्हणाला. मग डोकं खाजवून म्हणाला, "पर शेवटची ओळ खोडा, साहेब. मी बी त्याच समाजाचा हावो. माया कागदानं मलेच येडं ठरवलं का?"

त्यांच्या बाजूनं कोणीतरी हसलं.

"कोणी लिवलं, काका?" रंजीतानं विचारलं. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही, आणि म्हणूनच मला वाटलं की तिला सगळं कळलं आहे.

"लिवणाऱ्यानं लिवलं. मी इथी उभा हावो नं, बाई? मले इचार."

"मंग कागद राहू द्या. तोंडानं सांगा."

आणि लच्छू गोंडीत बोलू लागला.

तो बोलत राहिला, दहा मिनिटं असतील, कदाचित जास्त. डेपोत त्याला मी इतर मजुरांशी गोंडीत दोन शब्द बोलताना ऐकलं होतं, पण एवढं लांब, हात हलवत, आवाज चढवत बोलताना कधी पाहिलं नव्हतं. मला एक अक्षर कळलं नाही. बत्तीस वर्षांत मी त्यांच्या भाषेत पाणीसुद्धा मागायला शिकलो नव्हतो. मधे एकदा 'बाबू' ऐकू आलं. त्यांच्या बाजूच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या आणि परत फिरल्या. एकदा सगळे खळखळून हसले. रंजीता हसली नाही. मधेच तिनं काहीतरी तिखट विचारलं, त्यानंही तसंच उत्तर दिलं. पत्रू हात झटकून खाली बसला.

"मराठीत बोला!" प्रणित ओरडला. "आमी का गावचे नोहो? काय शिजून रायलं आमच्यासमोर?"

"तुमचं तीस वर्षं शिजलं तवा आमी इचारलं का, भाऊ?" मागून एक बाई म्हणाली.

मग गोंधळ झाला. शेवटी रंजीतानं मराठीत सांगितलं की तोड थांबवली आहे. जागेचा विषय पंधरा ऑगस्टच्या सभेत रीतसर येईल, तोवर झाडाला कोणी हात लावायचा नाही. "चूक माई झाली. इचाराले पायजे होतं," असंही ती म्हणाली. आमच्यातले काही म्हणाले, हे आधीच ठरलेलं नाटक होतं. त्यांच्यातले काही म्हणत, लच्छू कुणब्यांना विकला गेला. ही दोन्ही बोलणी मी एकाच दिवशी, एकाच पानठेल्यावर ऐकली.

घरी आल्यावर मनकर्णानं विचारलं, "त्यानं तुमचं नाव घेतलं असन नं तिथी?"

"घेतलं. काय म्हणाला ते नाही कळलं."

"बरंच म्हणाला असन," ती म्हणाली. यात मला दिलासा दिला की टोमणा मारला, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर लच्छू पायरीवर आला नाही. त्याचे कागद आता पंचायतीतल्या संगणकावर रंजीताच करून देते, असं ऐकलं. टोल्यातल्या काही घरांनी त्याला जेवणावळीला बोलावणं बंद केलं होतं, असंही ऐकलं, आणि तसं काही नाही असंही. कोणावर विश्वास ठेवायचा? जाऊन बघणं सोपं होतं. त्याचं घर माझ्या घरापासून सात-आठ मिनिटांवर. दोनदा निघालो. एकदा शाळेपर्यंत जाऊन परतलो. तो मला काही बोलेल याची भीती होती, आणि काहीच बोलणार नाही याची त्याहून जास्त.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो तापानं पडला आणि पाचव्या दिवशी गेला. सभा त्याच्याशिवाय झाली. गोटूल शाळेमागेच बांधायचं ठरलं, पण दाराचं तोंड फिरवून. एक झाड जाणार, दोन राहणार. ते तोडायचं की नाही हे ठरवण्याआधी रंजीतानं सभेत रुखमाला नाव घेऊन विचारलं. रुखमा काय म्हणाली ते मला कळलं नाही, ती गोंडीत बोलली.

त्याची-माझी शेवटची भेट त्याआधी, जुलैअखेरीला, भाताच्या गिरणीत झाली. वीज गेलेली होती. पोत्यावर तो एकटाच बसला होता. गिरणीवाला बाहेर गेलेला. आज बोलायचंच, असं ठरवून मी जवळ गेलो. "लच्छू, त्या कागदावरची ती ओळ..." एवढं तोंडापर्यंत आलं होतं. त्यानं सरकून पोत्यावर जागा केली. मी त्याच्या बाजूला बसलो. इतक्या जवळ आम्ही कधी बसलो नव्हतो. तो माझ्याकडे बघत नव्हता. दाराबाहेर पडणाऱ्या पावसाकडे बघत होता.

"पंधरा ऑगस्टच्या सभेले येता का, बाबू?" त्यानं विचारलं.

साधा प्रश्न होता. तरी मला वाटलं, यात काहीतरी आहे. बोलावतो आहे, की येऊ नका म्हणतो आहे?

"येतो," मी म्हणालो.

"मंग बसाले पोतं घेऊन येजा. व्हरांडा गळते, खाली ओल रायते."

"आणतो," मी म्हणालो.