रोझेल टिब्सचा तळहात

आमच्या दुकानात शब्दांची गाणी लागत नाहीत. मालक रोझेल टिब्स पहिल्या खुर्चीवर, मी हर्शेल दुसऱ्या खुर्चीवर, आणि गेल्या अठ्ठावीस वर्षांत हा नियम कुणी मोडलेला मी पाहिला नाही. "शब्द आपल्याकडे फुकट मिळतात," रोझेल म्हणतो. खोटं नाही ते. सेव्हन माइल रस्त्यावर शनिवारी सकाळी केस कापायला आलेला माणूस निदान दोन भांडणं आणि एका पाद्र्याची भानगड ऐकूनच घरी जातो. त्यात आणखी कुणी गाण्यातून बडबडायला लागलं तर डोकं फिरायचं. म्हणून आमच्याकडे फक्त बीट. हिप हॉपमधून गाणारा काढून टाकला की जे उरतं ते: ढोल, घुमणारा बास, जुन्या तबकडीवरून उचललेला पियानोचा एखादा तुकडा, परत परत.

डेट्रॉइटमध्ये दर चौथ्या घराच्या तळघरात कुणीतरी बीट बनवत बसलेलं असतं. कारखान्यातला फोरमन बनवतो, चर्चचा ऑर्गनवाला चोरून बनवतो. डिसेंबर लागला की ही मंडळी वर्षभरातली आपली सगळ्यात चांगली बीट सीडीवर घालून आमच्याकडे येतात. त्यातल्या दहा रोझेल निवडतो. पुठ्ठ्यावर नावं लिहून तो पुठ्ठा आरशाच्या वर लावतो आणि पुढचं वर्षभर दुकानात त्याच दहा वाजतात. बक्षीस म्हणाल तर एकदा फुकट केस कापून मिळतात. पण त्या पुठ्ठ्यावर नाव आलेला माणूस सहा महिने छाती काढून चालतो.

निवडायची रीत रोझेलची स्वतःची. खुर्चीत गिऱ्हाईक बसवायचं, मशीन बंद करायचं, त्याच्या डोक्यावर तळहात ठेवायचा आणि बीट लावायची. डोकं आपण होऊन हलायला लागलं तर बीट आत, नाहीतर बाहेर. "तोंड माझी खुशामत करतं," तो म्हणायचा, "डोकं नाही करत." चाळीस वर्षं लोकांची डोकी हातात धरलेला माणूस. वाद कोण घालणार?

वाद घालायची ती एकटी मिस डोरेथा. मिस डोरेथा शहराची बस चालवते आणि सुट्टीच्या दिवशी बीट बनवते. २००९ पासून दर डिसेंबरला सीडी घेऊन यायची, दर वर्षी रोझेल मान हलवून नाही म्हणायचा.

"मिस्टर टिब्स, तुमचे कान तपासून घ्या एकदा."

"कान ठीक आहेत. डोकंच हललं नाही."

"आणि मी फुकट केस कापून घेऊन करणार काय म्हणा," असं म्हणून ती आपल्या वेण्या मागे टाकायची आणि जायची. पुढच्या वर्षी परत हजर. मला ती आवडायची; तोंडाची फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही.

२०१२ च्या डिसेंबरातला पहिला शनिवार. खुर्चीत पोस्टमन थर्मन, हे एवढं धूड, आणि पुठ्ठ्यावर नऊ नावं लिहून झालेली. मिस डोरेथाने सीडी दिली, मी लावली. रोझेलने थर्मनच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले. अर्धं मिनिट झालं नसेल, तेवढ्यात बाकावरच्या कुणीतरी फोन चार्ज करायला भिंतीतली वायर ओढली आणि आमचा प्लेअर बंद पडला. दुकान चिडीचूप. मी वायर पुन्हा लावायला वाकलो आणि अर्ध्यातच थांबलो, कारण रोझेल तसाच उभा. डोळे मिटलेले, हात डोक्यावर. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मग त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "नाही. छान आहे, पण डोकं हललं नाही."

काही जण फिदीफिदी हसले. त्यांना वाटलं म्हातारा थट्टा करतोय. मिस डोरेथाला तसं वाटलं नाही. तिचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"वाजत नव्हतं ते," ती सीडी काढायला प्लेअरकडे वळत म्हणाली. "वाजतही नव्हतं, आणि तुम्ही नाही म्हणालात. म्हणजे चारही वर्षं ऐकलंच नाहीत ना? आधीच ठरवून बसता."

तिने सीडी काढून घेतली आणि ती निघून गेली. रोझेल दाराकडे बघत राहिला. ती काय बोलली हे त्याला कळलंच नव्हतं, कारण बोलताना तिची पाठ त्याच्याकडे होती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं हा माणूस गिऱ्हाइकाशी आरशात बघून बोलतो. सगळेच न्हावी बोलतात, म्हणून मला कधी शंका आली नाही. मशीनच्या घरघरीत सगळेच ओरडून बोलतात, म्हणून त्याचा आवाज चढलेला कुणाला जाणवला नाही.

दुकान रिकामं झाल्यावर मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि ओठ नीट हलवत विचारलं, "कधीपासून?"

तो पांढऱ्या डगल्याची बटणं लावत बसला. लावलेलीच होती ती.

"चार-पाच वर्षं," तो म्हणाला. "आधी झांजा गेल्या. मग पियानो. आता जमिनीतून थोडा बास येतो पायाला, बस."

"आणि यादी?"

"यादी डोकी करतात, हर्शेल. मी नुसता हात ठेवतो."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. एकाच छताखाली इतकी वर्षं काम करून मला सांगितलं नाही! पण त्याच्या तोंडाकडे बघून माझा राग टिकेना. हे बाहेर फुटलं तर बहिऱ्याची यादी म्हणून गाव हसेल. आणि लपवलं तर मिस डोरेथाच्या लेखी हा लबाड ठरेल. तो पुठ्ठा म्हणजे त्याचं सगळं होतं. बायको गेल्यापासून तर जास्तच. तरी ती काय बोलली ते मी त्याला सांगितलं.

"तिला लबाड वाटलो मी?" त्याने विचारलं.

"हो."

"मग बुधवारी चल माझ्याबरोबर."

बुधवारी सकाळी आम्ही तिच्या बसथांब्यावर उभे. ती आम्हाला बघूनही थांबली, कारण न थांबून सांगते कुणाला, नोकरी आहे. रोझेल चढला आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"पिवळ्या रेषेच्या मागे व्हा, मिस्टर टिब्स," ती रस्त्याकडे बघत म्हणाली.

तो हलला नाही.

"रेषेच्या मागे!"

"आरशात बघून बोला, मिस डोरेथा," रोझेल म्हणाला, आणि बहिऱ्या माणसाला आपला आवाज कुठे कळतो. सबंध बसने ऐकलं. "मला ऐकू येत नाही! चार वर्षं झाली! तुमची एकही बीट मी ऐकलेली नाही!"

मागे कुणीतरी म्हणालं, "अरे देवा, मिस्टर टिब्स बहिरे झाले?" म्हणजे झाला बोभाटा. दुपारपर्यंत सेव्हन माइलच्या दोन्ही टोकांना पोचणार. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

मिस डोरेथाने सिग्नलला बस थांबवली, वरच्या मोठ्या आरशात बघितलं आणि एकेक शब्द तोडून म्हणाली, "चार वर्षं. आणि मला वाटायचं, या माणसाचे कान इतके बारीक, की माझंच काम भरड पडतंय. दर वर्षी मी एकेक आवाज हळू करत गेले! ढोल तर मी पार उशीखाली दाबले तुमच्यासाठी!"

रोझेलने सगळं वाचलं. मग दोघांच्याही खांद्यांना हिसके बसायला लागले. हसता हसता तिला सिग्नल हिरवा झालेला कळला नाही आणि मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा गोंधळ घातला.

"शनिवारी या," रोझेल म्हणाला. "दहावी जागा तुमचीच."

"दयेवर दिलेली जागा नको मला. डोकं बसवा खुर्चीत आणि हात ठेवा. हललं नाही तर माझं मी बघून घेईन."

शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बहिऱ्याची यादी बघायला आले होते सगळे. ऑर्गनवाला म्हणाला, "चार वर्षं माझं नाव पुठ्ठ्यावर आहे, ते बहिऱ्याने लिहिलं म्हणून काढणार का मी? वेडा आहे का?" लोक हसले आणि रोझेलचा अर्धा जीव भांड्यात पडला. गेल्या शनिवारच्या गोंधळात थर्मनची एकच बाजू कापून झाली होती. त्यालाच बसवून घेतलं. मी वायरीपाशी पहारा देत उभा राहिलो.

बीट सुरू झाली. कुणी अडाणी माणूसही म्हणाला असता, ढोल लांबून येतायत. भिंतीपलीकडे कुणी आई घर झाडतेय आणि मधेच काहीतरी गुणगुणतेय, असलं काहीतरी होतं. दुकानातली बडबड थांबली. थर्मनचं डोकं मात्र जागचं हललं नाही. तीन मिनिटांनी बीट संपली. मी रोझेलच्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

"संपली?" तो म्हणाला. त्याने हात काढला नव्हता. "मग हा आपलं डोकं परत का घेत नाहीये? सगळा भार माझ्या हातावर टाकलाय."

"घेतो की," थर्मन डोळे न उघडता म्हणाला. "जरा थांबा ना."

रोझेलला ते ऐकू आलं नाही. पण आरशात त्याने थर्मनचं तोंड बघितलं. मग बाकावर बसलेल्यांची तोंडं बघितली, एकेक करून. आणि त्याचे डोळे भरून आले.

"चार वर्षं मी ह्याला झोप समजत होतो, मिस डोरेथा," तो म्हणाला. "तुमच्या प्रत्येक बीटला डोकी अशीच जड व्हायची. मला वाटायचं, कंटाळलेत."

रोझेलने आरशावरचा पुठ्ठा काढला, दहाव्या ओळीवर तिचं नाव लिहिलं. मग भिंतीवरून मागच्या तीन वर्षांचे पुठ्ठेही उतरवले आणि पेन हातात धरून तिच्याकडे वळला.

"आधीच्या तीन कुठे आहेत?"

"पर्समध्ये," ती म्हणाली. "पर्समध्येच असतात."