सळ्या परत मागवणारे रीस साहेब

माझं शिक्षण चौथीपर्यंत. कोणी हे वाचलंच तर शुद्धलेखनाच्या चुका आणि वेडंवाकडं अक्षर यांची माफी असावी. रीस साहेबांबद्दल कुठेतरी लिहून ठेवायचं होतं, एवढंच.

कुवेतमध्ये फहाहीलला मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा नवा तवा उचलला, चमच्याने वाजवला आणि कान लावून ऐकलं. "अच्छा है बाय. भाकरी होगी." लोखंड दिसलं की ते वाजवायचेच, मग जिन्याचा कठडा का असेना. त्यांचा सळ्यांचा कारखाना होता. कामगार बरेचसे रत्नागिरीचे, त्यामुळे साहेबांच्या हिंदीत आमचे शब्द शिरले होते.

एकदा मी त्यांना इंग्रज म्हटलं, तर चिडले.

"बाय, तू मुंबई की है?"

"नाही साहेब, श्रीवर्धनची."

"तो बस. मैं वेल्स का."

त्यांची बायको मेग तिकडे वेल्सला आजारी असायची. दर शुक्रवारी दोघं फोनवर आपल्या भाषेत बोलायची. "ये साल के बाद घर," असं साहेब दर वर्षी म्हणायचे.

मग एका खेपेला भट्टीत वाईट भंगार गेलं. सळ्या वाकवल्या की तडकायला लागल्या. हे कळेपर्यंत माल विकला गेला होता, अर्धा तर एका इमारतीत लागलाही होता. मुकादम लतीफभाई घरी आले. मी चहा देत होते.

"साहेब, सिमेंट में गया. अब कौन देखेगा?"

"लतीफ, उस घर में तू सोयेगा? बच्चा लेके?"

लतीफभाईंनी कप खाली ठेवला.

साहेबांनी स्वतः जाऊन इमारतीच्या मालकाला सांगितलं. उरलेल्या सळ्या परत आणल्या. बांधलेलं पाडलं, त्याचं नुकसान साहेबांच्या अंगावर आलं. कारखाना गेला, गाडी गेली. पैसे फिटेपर्यंत देश सोडायला कोर्टाची बंदी. सत्तरी उलटलेला माणूस दुसऱ्याच्या वखारीत लोखंड तपासायला जाऊ लागला. उन्हातून आले की बुटांसकट खुर्चीत बसून राहायचे.

"साहेब, अब आप भी हमारे जैसे नौकर," लतीफभाई चिडवायचे.

"तेरे से अच्छा नौकर. टाइम पे जाता हूँ."

मी दुसरी घरं धरली, पण संध्याकाळी त्यांच्या दोन भाकऱ्या टाकून जायची.

फोनवरचा मेगबाईंचा आवाज बारीक होत गेला. एका शुक्रवारी फोन त्यांच्या बहिणीने उचलला. साहेबांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, मेग गेली." हिंदीत नाही, आमच्या भाषेत.

शेवटचा हप्ता त्यानंतर महिन्याभराने भरला. लतीफभाई आणि मी सोबत कोर्टात गेलो होतो. कारकुनाने शिक्का मारला आणि हसून म्हणाला, "मबरूक, अभिनंदन! बंदी उठली. आता खुशाल घरी जा."

साहेबांनी पावती दोनदा वाचली आणि लतीफभाईंच्या हातात दिली.

"देख. पूरा है ना?"

"पूरा है, साहेब. टिकट निकालूँ?"

साहेब बाकावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. कोणाचा एक फिल्सही द्यायचा राहिला नव्हता.