पाठ फिरवलेला बाळकृष्ण

मागच्या महिन्यातली गोष्ट. गुरुवारी सकाळी आई देवापुढं बसली होती. गंधाचं बोट बाळकृष्णाला टेकवलं आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं... "आजबी पाठच फिरवलीया त्यानं."

मोतीबिंदूमुळं आईला आता नीट दिसत नाही. पूजा चालते ती हातांच्या सवयीनं. बाळकृष्ण पितळेचा, रांगता, अंगठ्याएवढा. सत्तरच्या दशकात लग्न होऊन ती करमाळ्याकडच्या आमच्या गावी आली, तेव्हा माहेरच्यांनी रीतीप्रमाणं सोबत दिलेला.

इतक्या वर्षांच्या धुण्यापुसण्यानं त्याचे नाकडोळे पार गुळगुळीत झालेत. तरी कपाळ कुठलं आणि टाच कुठली, हे आईच्या बोटाला न बघताही कळतं. आणि गेले कित्येक दिवस तिच्या बोटाला टाच लागत होती.

"सुनंदा, सोमवारचं आपरेशन ऱ्हाऊ दे," ती माझ्या बायकोला म्हणाली. "देव तोंड फिरवून बसलाय. अशात डोळ्याला हत्यार लावायचं न्हाय."

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, मोतीबिंदू पिकलाय, आता पुढं ढकलू नका. मी समजावायला गेलो तर म्हणाली, "तू गप. तुझं न्हाय, माझं आन् त्याचं हाय हे."

सुनंदानं मला आत बोलावलं. "अहो, मी रोज पूजा झाली की सरळ करून ठेवते. सकाळी बघावं तर परत वळलेला. मलाच आता भ्या वाटाया लागलंय."

खरं सांगतो, मीही घाबरलो. मी देवाला मानणारा माणूस. असल्या गोष्टीला हसणं मला जमत नाही...

दुपारी कामाला बसलो. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका यांचं टायपिंग मी करतो. आईची नजर कमी झाली तसा पेठेतल्या दुकानातला कॉम्प्युटर उचलून घरी आणला, तिच्याजवळ राहता यावं म्हणून. घर लहान. भिंतीला शहाबादी फरशीची एक लांब मांडणी आहे. तिच्या एका टोकाला देव, दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर. तो घरघर करायचा, पण कान सरावले होते.

सहज देवांकडं लक्ष गेलं. तांब्यातलं पाणी थरथरत होतं. बारीक बारीक वर्तुळं... कॉम्प्युटर बंद केला. पाणी शांत. चालू केला, पुन्हा थरथर.

मग बाळकृष्णाकडंच बघत बसलो. त्याची बैठक खालून जराशी फुगीर आहे. चहा पिऊन होईपर्यंत तो एवढासा वळला होता!

पाण्यानं भरलेला पेला मांडणीवर ठेवला आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा बाजूचा पत्रा उघडला. प्रोसेसरवरचा पंखा मधोमध बोट टेकवून क्षणभर थांबवला. पाणी तसंच हलत राहिलं. मागचा मोठा पंखा थांबवला, तर पाणी जवळजवळ निवांत... चोर सापडला.

सोलापुरातल्या आमच्या भवानी पेठेत शेजारीपाजारी चादरींचे, टॉवेलांचे माग. सुताची मऊ भुकटी घरात कुठंही जाऊन बसते. ती पंख्याच्या पात्यांवर थर धरून बसली होती. एका बाजूचा गोळा निघून पडलेला, दुसरीकडचा तसाच. त्यामुळं पंखा एका अंगाला ओढ घेत फिरत होता.

वायर काढून रंगाच्या ब्रशनं पातं न् पातं साफ केलं. हादरा खूप कमी झाला, पण गेला नाही. हार्डडिस्कचे स्क्रू सैल होते, ते आवळले. राहिला कॅबिनेटच्या खालचा एक रबरी पाय, तो दुकानातून आणताना कुठं तरी पडला असणार. मी जुनी स्लीपर कापायला घेतली.

"चपलेचा तुकडा? देवाच्या फरशीवर?" सुनंदानं स्लीपर हातातून काढूनच घेतली. जुना सोलापुरी टॉवेल फाडून तिनं चार जाड घड्या केल्या, त्या चार कोपऱ्यांखाली सारल्या. खालून हवा खेळती राहिली. पेल्यातलं पाणी आरशासारखं...

दुसऱ्या दिवशी आईच्या बोटाला कपाळ लागलं. तिनं पुन्हा चाचपून बघितलं. मी गप्प बसलो असतो तरी भागलं असतं, आई आनंदानं ऑपरेशनला आली असती. पण देवापुढं बसलेल्या आईला काय फसवायचं? सगळं सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एकदम हसली. "बग की! मी इतकी वरसं हाका मारतीया, जागचा हालला न्हाय. आन् तुझ्या त्या पेटीनं गरागरा फिरवला त्याला!"

आम्हीही हसलो. पण तिचं हसू लगेच विरलं. "मग इतकं दिस माझं गंध टाचेलाच लागलं, न्हवं रं?"

"हो, आई. पायालाच."

 आईनं त्या गुळगुळीत टाचेवरून हळूच अंगठा फिरवला. "रागावला असता तर पाय फुडं केला असता व्हय त्यानं?" आणि मग सुनंदाकडं वळून, "सोमवारी कितीला निघायचं गं?"

ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाली, काही दिवसांनी आई पुन्हा पूजेला बसू लागली. आता सगळं दिसतं तिला... तरी कपाळाला गंध लावून झालं की ती बाळकृष्णाला आपल्या हातानं फिरवते आणि टाचेलाही एक बोट लावते.

तेवढा वेळ मी कॉम्प्युटर बंद ठेवतो. आवाज आता येत नाही, तरीसुद्धा. आणि जिथं बसलोय तिथूनच हात जोडतो... त्यालाही, तिलाही.