कागदावर नसलेलं नाव

"सोसायटीचा इतिहास हिलाच वाचू दे. ही काही विचारत बसणार नाही," आमचा अध्यक्ष रोहन दाराआड माझ्याबद्दल कुणाला तरी सांगत होता.

आज कपाट आवरताना पदवीच्या गाउनवरची, सोसायटीत दाखल होताना मिळालेली जांभळी दोरी सापडली. तिला अजून मेणबत्तीचा वास होता. इतक्या वर्षांनी ते वाक्यही पुन्हा ऐकू आलं.

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांची ती ऑनर सोसायटी, म्हणजे मानाचं मंडळ, अनघानं सुरू केली होती, परदेशात शिकताना, हॅमिल्टनच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत, माझ्यासारख्या गप्प मुलींना बोलतं करायला. पुढे मार्कांची अट आली. शहराच्या ‘ते रापा’ या उपनगरातल्या दुधाच्या फॅक्टरीतल्या शिफ्टांमुळे अनघाचे मार्क घसरले आणि ती सदस्यांच्या यादीतून गेली. रोहननं वाचायला दिलेल्या इतिहासाच्या कागदावरही तिचं नाव नव्हतं.

नव्या सदस्यांच्या समारंभात मी पेटती मेणबत्ती धरून तो कागद स्पष्ट, न चुकता वाचला. मागच्या रांगेत कामाच्या बुटांत बसलेल्या अनघानं टाळ्या जरा उशिरा वाजवल्या. तेव्हा वाटलं, दमली असेल. आता वाटतं, ती आणखी एका वाक्याची वाट बघत होती.

"ही कसली गं दोरी?" आईनं विचारलं.

"आई, ती सोसायटी अनघानं सुरू केली होती. मला माहीत होतं, तरी मी तिचं नाव घेतलं नाही."