दाजींच्या प्लायच्या भिंती

ताईचा फोन आला तेव्हा मी चाकणच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला शिरत होतो. "हे गेले रे... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. महिना उलटून गेला, पण दाजी आठवतात ते पिंपळे गुरवच्या घरामागच्या त्या छोट्या खोलीतच.

दाजी पिंपरीतल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. निवृत्तीनंतर त्या खोलीत शिलाई मशीन दुरुस्त करायचे. मग काचबिंदूने दृष्टी जाऊ लागली. ती परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतरच्या रविवारी मी धीर द्यायला गेलो, तर दाजी अंगणात प्लायवूड कापत बसलेले. खोलीच्या भिंतींना आतून प्लाय लावायचं होतं. दुःखाने माणूस भलतंच काढून बसलाय असं मला वाटलं. आत्ताच हे कशाला, म्हणून मी हळूच विचारलंही. ते म्हणाले, "दिसतंय तोवर भिंती तयार करून घेतो. पुढे त्यांनाच विचारत जाईन."

विटांच्या भिंतीत खिळा मारला की प्लास्टर ढासळायचं. प्लायमध्ये हवा तिथे स्क्रू बसतो, म्हणजे प्रत्येक हत्यार हाताला सापडेल तिथेच टांगता येतं. आधी लाकडी पट्ट्या ठोकल्या, त्यांवर प्लाय. सनमायका मात्र दाजींनी लावू दिला नाही, त्याखाली लाकडाच्या रेषा हाताला लागल्या नसत्या. दाराच्या भिंतीला लाकडाच्या रेषा आडव्या, बाकीच्यांना उभ्या. बोट फिरवलं की आपण कुठे उभे आहोत ते कळावं! हाताला कुसळ टोचू नये म्हणून कडा घासल्या, त्याही डोळे मिटून... सराव म्हणून.

पुढे पूर्ण अंधार झाला, आणि दाजी काम करत राहिले. शेजारी ब्लाउज शिवणाऱ्या काकूंचं मशीन टाके सोडत होतं. दाजींनी चाक फिरवून कान लावला, मान न वळवता हात मागे नेला आणि नेमका हवा तो स्क्रू ड्रायव्हर काढला. मशीन दुरुस्त झाल्यावर काकूंनी एक चिंधी शिवून पाहिली आणि सरळ टाक्यांवरून बोट फिरवलं.

परवा गेलो तेव्हा ताई ओल्या फडक्याने ती खोली पुसत होती. दारापासून टेबलापर्यंत, कमरेच्या उंचीवर, प्लायवर एक काळपट, चकचकीत पट्टा उमटलाय. इतकी वर्षं दाजींचा तळहात तिथून सरकत गेला होता. तेवढा डाग मी काढतो, म्हणून मी फडकं मागितलं. ताईने हात मागे घेतला.

"तेवढं राहू दे," ती म्हणाली, आणि तो पट्टा सोडून वरून, खालून भिंत पुसत राहिली.