परसातला डास

प्रयोगशाळेत तिला सगळे डासवाली मावशी म्हणत. बावीस वर्षं तिनं डास पोसले होते. अंडी भिजवायची, अळ्यांना खाऊ टाकायचा, जाळीच्या पिंजऱ्यात साखरपाण्याचा बोळा ठेवायचा. "मला गार चहा देते आणि डासांना रक्त कोमट करून पाजते," असं नवरा आल्यागेल्याला सांगायचा.

त्या वर्षी शहरात नवाच ताप आला. धडधाकट माणूस चार दिवसांत उठून बसायचा. पण गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळावर बेतायचं, त्याचं डोकं नीट वाढत नसे. मावशीची लेक सहाव्या महिन्यात होती आणि आईकडेच राहत होती. मावशीला घास गोड लागेना.

या तापाचा विषाणू कोणत्या जातीचा डास पसरवू शकतो, हे प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना तपासायचं होतं. घरातला पट्टेरी, गटारीतला तपकिरी आणि झाडाझुडपांतला, पाठीवर एकच पांढरी रेघ असलेला. या तिसऱ्याची अंडी मावशीनं स्वतःच्या परसातूनच आणली होती. विषाणू डासाच्या पोटात गेला एवढ्यानं भागत नाही. पोट ओलांडून तो थुंकीत उतरला, तरच चावा धोक्याचा. काही जातींत तो पोटातच अडतो.

विषाणू घातलेलं रक्त पाजून चौदा दिवस झाल्यावर मावशीनं एकेका डासाची सोंड काचेच्या बारीक नळीत धरून थुंकी गोळा केली. चार दिवसांनी निकाल आला. प्रत्येकी तीस डासांपैकी गटारीतल्या एकाच्याही थुंकीत विषाणू नव्हता. घरातल्या अठरांच्या होता. परसातल्या सतरांच्या.

"मॅडम, हे माझ्या दारातले आहेत."

"माहीत आहे. पण एका प्रयोगावर मी नगरपालिकेला पत्र लिहिणार नाही. पुन्हा करू. पाच आठवडे लागतील. तोवर बाहेर चकार शब्द नको."

परसातला डास विषाणू पसरवू शकतो म्हणजे तो पसरवतोयच असं नाही, हे तिला कळत होतं. पण जिवाला कोण समजावणार? घरी जाऊन तिनं बादल्या, डबे, करवंट्या, सगळं पालथं घातलं. लेकीला लांब बाह्यांचे कपडे दिले आणि मागचं दार लावून टाकलं.

"आई, मला श्वास तरी घेऊ देशील का?" लेक वैतागली.

शेजारी निवृत्त कंपाउंडर राहत. त्यांच्या भिंतीलगत चाळीसेक कुंड्या होत्या, प्रत्येकीखाली पाण्यानं भरलेली थाळी. मावशी रोज सकाळी जाऊन थाळ्या ओतायला लागली.

"डासांशी भांडण झालं वाटतं?" कंपाउंडर हसले. "अहो, बागेतला गरीब असतो. घरातला वाईट. तुमच्याच पत्रकात छापलंय."

ती पत्रकं मावशीनंच घरोघर वाटली होती. तिनं पुढची थाळी ओतली. दुपारी थाळ्या पुन्हा भरलेल्या असायच्या. कामात तिचं लक्ष लागेना. एकदा तर पिंजऱ्याची जाळी उघडीच राहिली आणि मॅडमनी खडसावलं.

तिसऱ्या आठवड्यात कंपाउंडरांना ताप आला. कोणता डास चावला, कोण सांगणार? पण मावशीला राहवलं नाही. तिनं त्यांच्या खाटेशी बसून सगळं सांगून टाकलं. कंपाउंडर उशीला टेकून उठून बसले. मग त्यांनी सुनेला हाक मारली, "थाळ्या काढ सगळ्या. आणि गल्लीत सांग, मी सांगितलंय म्हणून."

गल्लीतून गोष्ट मॅडमच्या कानावर गेली. मेमो मिळाला. मावशीनं सही केली.

"निकाल उलटा आला असता तर?" मॅडमनी विचारलं.

"तर लोकांनी मला वेडी म्हटलं असतं. भांडी तर रिकामी राहिली असती."

दुसऱ्या खेपेला परसातल्या एकोणीस डासांच्या थुंकीत विषाणू निघाला. त्याच दिवशी नगरपालिकेला पत्र गेलं, पत्रकं नव्यानं छापली. मेमो मात्र कुणी मागे घेतला नाही.

कंपाउंडर आठवड्यात हिंडूफिरू लागले. दोन महिन्यांनी लेक बाळंत झाली, मुलगी झाली. डॉक्टरांनी फीत लावून बाळाचं डोकं मोजलं आणि म्हणाले, "अगदी व्यवस्थित आहे." मावशीनं मान डोलावली आणि बाळाच्या अंगावरचं पांघरूण पायांपर्यंत ओढून घेतलं. दवाखान्यातल्या त्या खोलीची खिडकी उघडी होती. ती उठून बाहेर डोकावली. खाली फुटक्या टाकीत पाणी साचलं होतं. लेकीला सांगून ती जिना उतरली.