मामाने न ओढलेल्या रेघा

माझा मामा शूर नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात हे वाक्य मोठ्याने बोलायची सोय राहिलेली नाही. शाळेच्या भिंतीवर त्याचं चित्र काढलंय. हातात पाना, मान ताठ, नजर थेट नदीपलीकडे. चित्रातला माणूस मामापेक्षा वीतभर उंच आहे आणि त्याला चष्मा नाही. चष्मा काढला तर मामाला समोरचं दार सापडत नाही, नदीपलीकडचं काय दिसणार!

मामा कापडगिरणीत जोडारी होता. माग बिघडला की तो खोलायचा, दुरुस्त करायचा आणि परत जोडायचा. तेवीस वर्षं त्याने हेच केलं. त्याच गिरणीत मी सुताच्या कांड्या भरायचे. आई गेल्यापासून मी मामाच्या समोरच्या खोलीत एकटी राहत होते. नदीपलीकडच्यांशी चाललेल्या लढाईच्या दुसऱ्या वर्षी मामी तापाने गेली, तेव्हापासून समोर मामा आणि त्याचा मुलगा दोघंच. मुलाला सगळे छोट्या म्हणायचे. दोन घरांत तीन माणसं आणि चूल एकच, माझी. मामा जेवायला आला की छोट्या त्याच्या पाठीवर लोंबकळून विचारायचा, "ए बाबा, आज काय मोडलं?" मामा दिवसभरात जेवढं बोलत नसे तेवढं त्या एका प्रश्नावर बोलायचा.

लढाई आम्ही हरलो. हरणाऱ्याला अटी असायच्याच, त्याबद्दल कुणी रडत नव्हतं. पण गिरणीच्या फाटकावर तहाचा कागद लागला तेव्हा वाचणाऱ्याचा आवाज सहाव्या कलमापाशीच बसला. गिरणीतल्या शंभर मागांपैकी चाळीस, चालू स्थितीत, नव्वद दिवसांत नदीपलीकडे पोचवायचे. खोलायचे आम्हीच, पुलावरून न्यायचेही आम्हीच. उरलेल्या मागांचे सुटे भाग बनवता येऊ नयेत म्हणून गिरणीत लोखंड कापायचं एकही यंत्र ठेवायचं नाही. पलीकडे पत्र पाठवायचं नाही. आणि शेवटची अट अशी, की माग सोपवताना आमच्या माणसांनी टोप्या काढून उभं राहायचं. ही अट कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली देव जाणे. तिच्यातून त्यांना काडीचा फायदा नव्हता. पण खरं सांगते, चाळीस मागांपेक्षा ती टोपीच आमच्या लोकांना जास्त खुपली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मामाला मात्र टोपीचं काही नव्हतं. त्याला काळजी मागांची. आता आमच्या गिरणीची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या रीतीपायी घडलं. यंत्र खोललं की बोल्ट डब्यात टाकायचे नाहीत, हरवतात. ज्या भोकातला बोल्ट, त्याच भोकात परत हातानेच दोन आटे फिरवून ठेवायचा. पुढे यंत्र बसवताना पान्याने आवळायचा, आणि आवळून झालं की बोल्टावरून चुन्याची एक रेघ ओढायची. रेघ असली तर बोल्ट घट्ट. रेघ नाही तर नुसता अडकवलेला. आमच्याकडे झाडूवालीसुद्धा रेघ पाहिल्याशिवाय खटका दाबत नसे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. दारातून आत यायचं असतं हे कुणी लिहून ठेवतं का?

मामाने चाळीस माग याच रीतीने खोलले. पुलावरून जातील एवढे मोठमोठे भाग केले आणि त्यांच्यातले बारीक बोल्ट आपापल्या भोकांत दोन-दोन आटे फिरवून ठेवले. सगळं इतकं नीटनेटकं, की पलीकडे जोडणाऱ्यांना वाटलं, यातलं बरंच तयारच आहे. त्यांनी मोठे भाग जोडले आणि यंत्रं चालू केली. तिसऱ्या दिवशी एका मागाचा दांडा सुटला आणि तिथे काम करणाऱ्या विणकर बाईचा उजवा हात कोपरापासून गेला.

बातमी आली त्या दिवशी मामाने ताट तसंच बाजूला सारलं. मला म्हणाला, "पोरी, त्यांना रेघेचं कुणी सांगितलंच नाही गं. मी सांगायला हवं होतं."

"तुला विचारलं होतं का कुणी?"

"नाही विचारलं. पण हात गेला ना तिचा."

पलीकडचे म्हणत होते, हा घातपात आहे. मामाला वाटलं, जाऊन समजावून सांगितलं की मिटलं. तिकडेही एखादा जोडारी असेलच, त्याला बोल्ट दाखवला की तो ओळखेल. मी म्हटलं, "मामा, नको जाऊस." पण हा धुतलेला सदरा घालून, खिशात चुन्याचा खडू घेऊन पुलावरच्या त्यांच्या चौकीत गेला. तिथे जोडारी नव्हता, कारकून होता. मामा तासभर बोल्ट, आटे आणि रेघा समजावत बसला. कारकुनाने त्यातलं एकच वाक्य लिहून घेतलं, 'बोल्ट घट्ट न करता यंत्रं पाठवली हे मला मान्य आहे.' मामाने ते वाचलं. वाक्य खरं होतं, म्हणून सही केली. हात दाखवून अवलक्षण! त्यांनी त्याला तिथूनच तुरुंगात नेलं, नऊ महिने.

आणि शिक्षा म्हणून दुसरी यादी आली. उरलेले साठ माग, बॉयलर आणि गिरणीच्या छपराचे पत्रे. पत्रेसुद्धा! अकराशे माणसांचं काम गेलं. गिरणीच्या चार भिंती उरल्या आणि वर आभाळ.

आता माझं पाप सांगते. छोट्या तेव्हा बारा वर्षांचा होता आणि माझ्याकडेच राहत होता. एक दिवस शाळेतून आला, तोंड सुजलेलं. "तुझ्या बापामुळे आमच्या बापाचं काम गेलं," म्हणून पोरांनी मारलं होतं. मला म्हणाला, "ताई, बाबाने काय केलं?" मी त्याच्या ओठाला औषध लावत होते. रागात बोलून गेले, "तुझ्या बाबाने त्यांना इंगा दाखवला. मुद्दाम सैल ठेवले बोल्ट. सांग जाऊन त्या पोरांना."

त्याने सांगितलं. त्या पोरांनी घरी सांगितलं. रिकामे हात आणि उपाशी पोटं घेऊन बसलेल्या गावाला ते असं काही गोड लागलं, की महिन्याभरात ज्याला त्याला आठवायला लागलं, जोडारी आपल्याला आधीच म्हणाला होता! मामा सुटून आला तेव्हा पुलापासून घरापर्यंत मिरवणूक. हा बिचारा दोन्ही हात हलवून सांगतोय, "अहो, चूक झाली हो ती माझी," आणि लोक हसून टाळ्या वाजवतायत. पालथ्या घड्यावर पाणी.

घरी आल्यावर छोट्या पाठीवर लोंबकळला नाही. वाकून पाया पडला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही बसा. मी पाणी आणतो." मामाने माझ्याकडे पाहिलं. नऊ महिन्यांपूर्वी 'ए बाबा' म्हणणारं पोर त्याला 'तुम्ही' म्हणत होतं. त्यानंतर त्या घरात आज काय मोडलं हे कुणी विचारलं नाही. मोडायला यंत्रं तरी कुठे होती म्हणा.

मामाने पलीकडच्या बाईला पत्रं लिहिली. टपाल बंद, ती परत यायची. माझ्या खोलीत जेवताना तो अधूनमधून म्हणायचा, "डाव्या हाताने काय करत असेल गं ती?" मला त्या प्रश्नाचा वैताग यायचा. आमच्याकडे एवढे धडधाकट हात रिकामे बसलेत, त्यांचं काय, असं मी त्याला तोडूनही टाकायचे. दुसरं कुणी त्याचं तेवढंही ऐकत नव्हतं.

सात वर्षं अशी गेली. बिनछपराच्या गिरणीच्या भिंतींवर जवान पोरं दिवसभर बसून असायची. कुणाला कामाचा पत्ता नाही, लग्नाचा पत्ता नाही, आणि समोर पूल. पुढे त्यांची पलटण झाली आणि तिचं निशाण काय, तर मामाचा पाना. पानापलटण! दोनशे पोरांचा म्होरक्या छोट्या. सरकारने आधी कानाडोळा केला, मग बंदुका दिल्या.

पलटण निघायच्या दिवशी सकाळी गिरणीत सभा झाली आणि मामाला बोलायला उभं केलं. मामाने सगळं सांगितलं. रीत, आटे, रेघ. "पोरांनो, मी सांगायला विसरलो," म्हणाला. "एवढंच झालं. एका बाईचा हात गेला. याच्यासाठी मरायला जाऊ नका." मग मागून कुणीतरी ओरडलं, "मोठा माणूस मोठेपणा घेत नसतो!" आणि अशा टाळ्या पडल्या की मामा चष्मा सावरत खाली बसला.

दुपारी जेवण झालं. फाटकावर पलटण जमली होती. छोट्या माझ्या खोलीत बुटाची नाडी बांधत बसला होता. हात थांबवून म्हणाला, "बाबा, लोकांसमोरचं जाऊ द्या. आता आपण तिघंच आहोत. मला एकट्याला सांगा. मुद्दामच ना?"

मामा त्याच्यासमोर जमिनीवर बसला. एक 'हो' म्हटलं असतं तर पोरगं फुलून गेलं असतं. पण मामाला वाटलं, पोराला थांबवायचं तर आत्ताच, खरं सांगूनच. म्हणाला, "नाही रे. विसरलो."

छोट्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी खोटं सांगितलं होतं तुला. तुला मारलं होतं म्हणून."

त्याने नाडीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाला, "बाहेर दोनशे पोरं उभी आहेत. ती माझ्या शब्दावर आलीत. त्यांना काय सांगू?"

"सांग, माझा बाप विसरला," मामा म्हणाला. "सांग आणि घरी ये."

छोट्याने नाडी बांधली. मान वर केली नाही. पाया पडला नाही, येतोही म्हणाला नाही. तसाच मान खाली घालून फाटकाकडे गेला. त्याने पोरांना काही सांगितलं नाही, कारण थोड्या वेळाने त्यांच्या घोषणा ऐकू आल्या, जोडाऱ्याच्या नावाच्या. मामा दारात उभा होता. मी त्याला आत ओढलं तर म्हणाला, "वळून पाहील. थांब." त्याने वळून पाहिलं नाही.

चौथ्या महिन्यात छोट्या पुलावर मारला गेला. सोबतची एकशे चाळीस पोरंही गेली. लढाई आणखी दहा महिने चालली आणि या खेपेला आम्ही जिंकलो. फाटकावर पुन्हा कागद लागला. आता यादी आमची होती आणि त्यांच्या यादीपेक्षा लांब होती. त्यांच्या माणसांनी टोप्यांबरोबर बूटही काढून उभं राहायचं होतं. वाचणाऱ्याचा आवाज कुठेही बसला नाही.

शाळेची भिंत रंगवली ती त्याच वर्षी. चित्र पुरं झाल्यावर शाळेतल्या बाई वर्गातल्या मुलांना घेऊन मामाच्या खोलीत आल्या. मीही होते. बाई म्हणाल्या, "काका, मुलांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्ही ते मुद्दाम केलंत ना?"

मी मनात म्हटलं, आता रेघेचं पुराण येणार.

मामा म्हणाला, "हो. मुद्दाम केलं."

मग त्याने सगळं रंगवून सांगितलं. कुणाची नजर चुकवून कुठला बोल्ट कसा सैल ठेवला, पहारेकऱ्याला कसं फसवलं. अडखळलासुद्धा नाही. मुलं डोळे फाडून ऐकत होती. आठेक वर्षांची एक मुलगी म्हणाली, "पुढच्या वेळी आम्हीपण असंच करू." पुढच्या वेळी! बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली.

मुलं गेली आणि मी मामावर तुटून पडले. "सगळ्या गावाशी भांडलास ना खऱ्यासाठी? तुरुंगात गेलास ना? मग आज काय झालं तुला? त्या कोवळ्या पोरांना तू—"

"ओरडू नकोस," मामा म्हणाला. "छोट्याला मी खरं सांगितलं, तर तो मान खाली घालून गेला. तसाच मेला असेल. ही पोरं त्याला शूर बापाचा मुलगा म्हणतात. राहू दे त्याची मान वर."

"आणि त्या पलीकडच्या बाईचं काय?"

त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत घातला. मूळ खोटं माझंच होतं, मी कोणत्या तोंडाने बोलणार?

त्यालाही आता सहा वर्षं झाली. दर वर्षी नवी मुलं येतात आणि मामा दर वर्षी हो म्हणतो. मागच्या वर्षापासून तो त्यात पहारेकऱ्याचा कुत्राही घालतो. पलीकडच्या बाईबद्दल तो आता विचारत नाही. मला ते विचारणं इतकं हवंसं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. मुलं गेल्यावर तो माझ्याकडे जेवायला येतो. आम्ही दोघं समोरासमोर बसतो. परवा मी भाजीत मीठ घालायलाच विसरले होते. पहिल्या घासालाच मला कळलं. पूर्वी चिमूटभर कमी पडलं तरी सांगणारा मामा चांगली झालीये म्हणाला, ताट पुसून जेवला आणि समोरच्या खोलीत निघून गेला.